मागच्या ब्रेकवरचा पाय

सातारा, गुरुवार रात्र

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा माझा व्हिडिओ बघून आई म्हणाली, "आधी ती गाडी विकून टाक," आणि बाबांनी फोन घेऊन नुसतं "हं" केलं. बाबा, तुमच्या त्या "हं"पुढे मला फोनवर काही बोलताच येत नाही, म्हणून हे पत्र. व्हिडिओ माझाच आहे. मागच्या चाकावर उभी असलेली ती गाडी माझी आणि तिच्यावर मीच. ते तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या मोबाईलवर दिसायच्या आधी मी सांगायला हवं होतं असं आईला वाटत असेल, तर आता सगळंच सांगते.

पहिली गोष्ट, हे रस्त्यावर चालत नाही. इथे एमआयडीसीत एका बंद कारखान्याचं काँक्रीटचं मोठं आवार आहे. मालकाने लेखी परवानगी दिली आहे. आम्ही आत गेलो की फाटक बंद, आणि एक जण कायम गाडीवर न बसता प्रथमोपचाराची पेटी घेऊन कडेला थांबतो. सांगली-मिरज रस्त्यावर संध्याकाळच्या गर्दीत पोरं चाक उचलतात, त्यांची मला मनापासून चीड येते. कायद्याने तो गुन्हा आहेच, मोटार वाहन कायद्याचं १८४ कलम लागतं. पण कायदा नसता तरी समोरून स्कूटीवर येणाऱ्या बाईने त्या खेळाला होकार कुठे दिलेला असतो?

आता गाडी. केटीएमची आरसी ३९० म्हणतात तिला, ३७३ सीसी, साधारण ४३ हॉर्सपॉवर. आपल्या स्प्लेंडरच्या पाचपट ताकद आणि वजन जेमतेम दीडपट, त्यामुळे चाक उचलायला काहीच कष्ट नाहीत. पहिल्या गिअरमध्ये पंधरा-वीसच्या वेगात रेस धरून क्लच झटक्यात सोडला की पुढचा भाग उठतोच. तेवढं कुणालाही जमेल. शिकायचं ते त्याच्या पुढे सुरू होतं.

बाबा, हे तुम्हाला लगेच कळेल. चाक थोडंसं वर असतं तेव्हा गाडीचं आणि माझं मिळून वजन मागच्या टायरच्या बरंच पुढे असतं, म्हणून गाडी सारखी खाली यायला बघते. ती वर ठेवायची तर रेस देत राहावी लागते आणि वेग वाढत जातो. नवीन मुलांचं हेच होतं, चाक गुडघाभर वर आणि आवाराची भिंत जवळ आलेली. त्यापेक्षा वर, बरंच वर, एक जागा येते. तिथे सगळं वजन मागच्या टायरच्या बरोबर वर येतं आणि गाडी ना पुढे पडायला बघत ना मागे. आम्ही त्याला बॅलन्स पॉइंट म्हणतो. तिथे पोचलं की वेग वाढवायची गरजच उरत नाही, वीस-पंचवीसच्या चालीने गाडी शांतपणे जात राहते. आई, व्हिडिओत जी गाडी सगळ्यात उभी दिसते तीच सगळ्यात हळू चाललेली असते, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

त्या जागेच्या मागे मात्र गाडी उलटायलाच निघते. तिथे क्लच दाबून उपयोग नाही. क्लच दाबला की इंजिनाचा जो थोडाफार धर मागच्या चाकाला असतो तोही सुटतो. वाचवतो तो मागचा ब्रेक. तो दाबला की पुढचं चाक तत्काळ खाली येतं. म्हणून आमच्या शिकवणाऱ्यांनी सुरुवातीला मला बॅलन्सचं नावही काढू दिलं नाही. वीतभर उचल, ब्रेक दाब. पुन्हा उचल, पुन्हा दाब, गरज असो वा नसो. पायाला विचार न करता ब्रेक सापडला पाहिजे आणि उजवा पाय पेडलवरून कधीच उठता कामा नये. मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं तेच वाटतं. चाक वर धरणं हे त्या ब्रेकवरच्या विश्वासातून येतं. वर टिकून राहतानासुद्धा हात रेस देतो आणि पाय ब्रेकला अगदी हलकं हलकं खेळवत असतो, दोघांच्या मध्ये गाडी तरंगते. मागे बसक्या लोखंडी पाईपचा बार जोडलाय, तो गाडी पूर्ण उलटायच्या आधी जमिनीला टेकतो. मागच्या ब्रेकचं एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, बंद केलंय, ब्रेकने फक्त पायाचं ऐकावं म्हणून.

खाली येताना थोडी रेस ठेवून चाक सरळ टेकवायचं, धाडकन सोडायचं नाही. नाहीतर पुढच्या फोर्कचे, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरच्या नळ्यांचे, सील गळतात आणि कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, जातो. इंजिन तिरपं राहिलं की ऑईल मागे सरकतं, म्हणून दर वेळी आधी ऑईलची पातळी बघते. बाबा, गाडी बाहेर काढण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारायची सवय मला कुणी लावली, ते तुम्हाला माहीत आहे.

आई, तुला "काही होत नाही" असं मी लिहिणार नाही. होऊ शकतं. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, पाठीचं आणि गुडघ्यांचं कवच, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट, सगळं घालते, तरी मनगट मोडू शकतं, खांदा निखळू शकतो. माझ्या अपघात विम्यात असला खेळ बसत नाही. त्यासाठी पगारातून वेगळी रक्कम बँकेत ठेवली आहे आणि तिला हात लावत नाही. थकलेली असेन, कामावर रात्रपाळी झालेली असेल, तर त्या दिवशी गाडीला किल्ली लावत नाही. हा माझा शब्द आहे आणि तो मी पाळते.

आणि हे करायचंच कशाला, असं तू विचारशील. जपानमध्ये १९९१ साली यासुयुकी कुडो नावाच्या माणसाने एका चाकावर ३३१ किलोमीटर गाडी चालवली, खाली न टेकवता. बाबा, तुमच्या मुंबईच्या एसटीच्या हिशेबात सांगते, सांगलीहून निघून पुणं मागे टाकून लोणावळ्याच्याही पुढे. आणि गाडी कसली, तर होंडाची दोनशेसोळा सीसीची, माझ्या गाडीपेक्षा किती लहान! ताकदीवर हे होत असतं तर तो विक्रम एखाद्या हजार सीसीच्या गाडीवर झाला असता. मला ती एवढीशी तोलाची जागा मनाने शोधायला, सापडल्यावर धरून ठेवायला मनापासून आवडतं. त्या काही सेकंदांत डोक्यात दुसरं काहीच नसतं, ना मशीनचं टार्गेट, ना घराचा हप्ता. दिवसभर शॉपफ्लोअरवर शंभर गोष्टींकडे लक्ष देणाऱ्या मला हे फार हवंसं वाटतं.

बाबा, तुमच्याकडे एक मागणं आहे. भरलेली एसटी खंबाटकीत मागे न सरकवता उचलणारा तुमचा डावा पाय आणि क्लचप्लेट घासायला लागली की आवाजावरून ओळखणारा तुमचा कान, दोन्ही मला हवे आहेत. दुसऱ्या गिअरमध्ये उचलताना माझा क्लच किंचित उशिरा धरतो असं मला वाटतं. शिकवणारे म्हणतात ठीक आहे. मला तुमच्या कानाने ऐकून हवं आहे. पटलं नाही तर तिथेच उभं राहून सांगा, "हं" नको. तुम्ही ज्यात चूक दाखवाल ते दुरुस्त होईपर्यंत मी चाक उचलणार नाही.

येत्या रविवारी तासगावहून सकाळच्या गाडीने या. आईला बघवणार नसेल तर तिने माझ्या खोलीवर थांबावं, शेजारच्या काकू आहेत सोबतीला. जेवण मी करून ठेवीन, आणि येताना बेदाणा आणा. काँक्रीट अकराला तापतं, तेव्हा बाबांनी चप्पल नको, बूट घालावेत. स्टँडवर न्यायला मी येते, स्प्लेंडर घेऊनच.

तुमची,
धाकटी