चेस की लाइन?

मेसन, ओहायो

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तावातावाने बोलत होतास आणि मी "बरं, जेवलास का?" म्हणून विषय मिटवला. तुला राग आला असं आई सांगत होती. म्हणून नीट लिहायला बसलोय. व्हॉट्सॲपवर टाइप करताना माझा मुद्दा अर्ध्यात सुटतो.

तुझं म्हणणं, अमेरिकन फुटबॉलमध्ये पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणारी पाच जणांची लाइन कच्ची असली तरी चॅम्पियन होता येतं. पुरावा म्हणून पिट्सबर्गच्या रूममेटने पढवलेलं 2008 आणि वर सिॲटलचं 2013. दोन्ही मान्य. पिट्सबर्गचा क्वार्टरबॅक रॉथलिसबर्गर त्या सीझनला 46 वेळा सॅक झाला, म्हणजे पास टाकायच्या आतच पाडला गेला, सिॲटलचा विल्सन 44 वेळा, आणि दोघेही सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकले. पण त्यांचा डिफेन्स बघ ना. त्या त्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात कमी पॉइंट्स देणाऱ्या टीम्स त्याच होत्या. फायनलमध्ये पिट्सबर्गचा हॅरिसन समोरच्यांचा पास मध्येच पकडून 100 यार्ड पळाला, सिॲटलने मॅनिंगच्या डेन्व्हरला 8 वर रोखलं. अशा घरात क्वार्टरबॅकने थोडंफार कमावून आणलं तरी भागतं. आपल्या सिनसिनाटी बेंगल्सचा डिफेन्स तसा कधी होता रे?

आपलं 2021 वेगळं. सीझनमध्ये आपला क्वार्टरबॅक बरो 51 वेळा आडवा झाला, प्लेऑफमध्ये आणखी 19. टेनेसीविरुद्ध एकाच गेममध्ये 9 सॅक, तरी 19-16 जिंकलो. त्या रात्री तू बेसमेंटमध्ये सोफ्यावर उभा राहून "लाइन गेली खड्ड्यात!" म्हणून ओरडलास आणि मीही तुझ्याबरोबर नाचलो, हे कबूल करतो.

मग 13 फेब्रुवारी 2022, रॅम्सविरुद्धचा सुपर बोल. आईने केलेली मिसळ तशीच राहिली होती. रॅम्स 23-20 पुढे, फोर्थ अँड वन, म्हणजे शेवटचा प्रयत्न आणि हवा एकच यार्ड, घड्याळात मिनिटही नाही. तू म्हणतोस, आपला रिसीव्हर चेस रॅम्सच्या रॅम्झीला मागे टाकून पुढे निघाला होता, बॉल टाकला असता तर गेम आपला. अरे, मी तेच म्हणतोय! चेस मोकळा होता आणि बरोला त्याच्याकडे मान वर करून बघायलाही सवड मिळाली नाही. रॅम्सचा ॲरन डोनाल्ड आत घुसला, बरोला धरून गरकन फिरवलं आणि बॉल कुठेतरी भिरकावला गेला. लांबच्या पाससाठी रिसीव्हरला पळायला वेळ लागतो, तो वेळ पाच लाइनमननी विकत आणून द्यायचा असतो. त्यांना जमत नसेल तर रनिंग बॅक आणि टाइट एंडला मदतीला मागे थांबवावं लागतं, म्हणजे पुढे पळणारे कमी. दोन्हीकडून तोटा.

याचा अर्थ ड्राफ्टमध्ये चेसऐवजी लाइनमन सूएल घ्यायला हवा होता असं मी म्हणत नाही. ते भांडण माझ्यावर ढकलू नकोस. चेस बरोबरच होता.

कॅन्सस सिटीने काय केलं ते आठव. फेब्रुवारी 2021 च्या सुपर बोलमध्ये त्यांचे दोन्ही मुख्य टॅकल, म्हणजे लाइनच्या दोन टोकांचे, जायबंदी होते. मॅहोम्ससारखा क्वार्टरबॅक जीव घेऊन मागे मागे पळत राहिला, हवेत आडवा होऊन पास टाकत होता, आणि 31-9 हरला. त्यांनी त्याच उन्हाळ्यापर्यंत लाइन जवळजवळ सगळी नवी आणली. दोन वर्षांनी समोर फिलाडेल्फिया, ज्यांनी सीझनभरात 70 सॅक केले होते. त्या फायनलमध्ये मॅहोम्सला एकही सॅक नाही. 38-35 ने जिंकले.

तुझा एक मुद्दा मात्र मला अजून टोचतो. जानेवारी 2023, बफेलोचा बर्फ, लाइनमधले तिघे बदली, आणि आपण 27-10 ने धुतलं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पुढच्याच रविवारी त्याच लाइनमागे बरो 5 वेळा सॅक झाला, अगदी शेवटचा कॅन्सस सिटीच्या ख्रिस जोन्सने केला, आणि 23-20 हरलो. म्हणजे एखादा रविवार मिळतो. लागोपाठ तीन-चार मागितले की पंचाईत.

शिवाय बिल शेवटी बरोच्याच नावावर फाटतं. 2020 मध्ये गुडघा, 2023 मध्ये मनगट, 2025 च्या सप्टेंबरमध्ये पायाचा अंगठा. मनगटाचं सगळं खापर लाइनवर फोडता येणार नाही, पण गुडघा आणि अंगठा? (आई इथे दहीहंडीच्या खालच्या थराची उपमा देते. मी देणार नाही, ती तिची आहे.)

गेल्या शनिवारी दुकानात लाइनच्या मधोमध उभ्या सेंटरची, कॅरसची, 64 नंबरची जर्सी मागितली. काउंटरवरच्या मुलाने मला दोनदा विचारलं, "नाइन नको?" भिंतीवर बरोच्या 9 आणि चेसच्या 1 च्या रांगा लटकत होत्या. शेवटी ऑर्डर देऊन आलो. थँक्सगिव्हिंगला येशील तोवर पोचेल. साइज तुझाच आहे.

तिकडे थंडी सुरू झाली असेल, कानटोपी घालत जा.

तुझा,
बाबा