निवृत्तांना विरंगुळ्याचे सल्ले पुरत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवृत्तीविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येतं, त्यातलं बहुतेक पैशांबद्दल असतं. पेन्शन, ठेवी, विमा, महागाई. माझी सगळी नोकरी लेखा विभागात गेली, त्यामुळे या हिशेबाचं महत्त्व मला कुणी पटवून द्यायला नको. ज्याला औषधपाण्याचीच चिंता आहे, त्याला ‘वेळ कसा घालवाल’ हे शिकवणं क्रूरपणाचं आहे. पण पैशांची घडी नीट बसलेली असूनही निवृत्तीनंतर खचत गेलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यांना देण्यासाठी आपल्याकडे चारच ठरलेले सल्ले असतात : छंद जोपासा, फिरायला जा, वाचन करा, नातवंडांत रमा. यातला एकही सल्ला वाईट नाही, पण चारही मिळून पुरत नाहीत.

साधा हिशेब करून पाहा. नोकरीचे आठवड्याला ४५ तास धरले आणि जाण्यायेण्याचे १०, तर ५५ तास एकदम मोकळे होतात. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्यातून किमान १५० मिनिटं मध्यम स्वरूपाचा व्यायाम सांगते. तो नेमाने केला तरी अडीच तास झाले. उरलेल्या साडेबावन्न तासांचं काय करायचं, हे निरोप समारंभाच्या भाषणात कुणी सांगत नाही.

वेळ मिळाला की माणूस आपोआप वाचेल, शिकेल, राहिलेलं सगळं करील, असं आपण गृहीत धरतो. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गावी १९३० च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे बारकाईने पाहणी केली. गावातल्या वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण वाढण्याऐवजी खूप घसरलं होतं. बऱ्याच पुरुषांनी घड्याळ वापरणं सोडलं होतं. रस्त्यातून जाताना ते पुन्हा पुन्हा थांबत. बायका मात्र भरभर चालत, कारण घरचं काम त्यांच्यामागे होतंच.

निवृत्त माणूस बेकार नव्हे, हे मी जाणते. त्याच्या वाट्याला ती उपासमार नाही, ती हताशाही नाही. पण याहोडाने पुढे जे मांडलं ते आम्हाला तंतोतंत लागू पडतं. पगाराखेरीज नोकरी पाच गोष्टी देते, असं तिचं म्हणणं होतं : दिवसाला आखणी, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, चारचौघांच्या मिळून केलेल्या कामात वाटा, समाजात एक ओळख आणि हातांना नेमाचं काम. पगाराच्या जागी पेन्शन येते. या पाचांच्या जागी काय येतं?

आमचे हे माझ्याआधी निवृत्त झाले. पहिले काही महिने छान गेले. राहून गेलेल्या भेटीगाठी झाल्या, घराची डागडुजी झाली. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी निवृत्तीचे टप्पे सांगताना सुरुवातीच्या या काळाला मधुचंद्राचा काळ म्हटलं आणि त्यापाठोपाठ पुष्कळदा भ्रमनिरास येतो, असंही नोंदवलं. आमच्या घरी तो आला तेव्हा आम्हाला ॲचली ठाऊक नव्हते. सकाळी वेळेवर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हे तयार व्हायचे आणि खुर्चीत बसायचे. दुपारी मी ऑफिसातून फोन केला तर पहिल्याच रिंगला उचलायचे. नोकरीत असताना त्यांचा फोन मला कधी एका खेपेत लागला नव्हता. ती पहिली रिंग मला फार टोचायची.

त्यांना सावरलं ते छंदाने नव्हे. रुग्णांना चाकाच्या खुर्च्या आणि वॉकर वापरायला देणाऱ्या एका संस्थेत दुरुस्तीला माणूस हवा होता. यांचा हात यंत्रावर बसलेला. आता आठवड्यातल्या दोन ठरलेल्या सकाळी ते तिथे असतात. परत आलेल्या खुर्च्यांचे ब्रेक आवळायचे, पुढच्या छोट्या चाकांच्या आसाला गुंडाळलेले केस आणि दोरे चिमट्याने ओढून काढायचे, कारण त्यांनीच चाक अडतं. कुणाचा तरी रुग्ण घरी यायचा असतो आणि त्याच्यासाठी खुर्ची त्या दिवशी तयार हवी असते. यांना बरं वाटत नसलं तर तिथून विचारणा होते. माझ्या मते सगळं सार या विचारणेत आहे. चित्र काढायचं राहिलं तर कुणाचं अडत नाही, म्हणून ते उद्यावर जातं, मग परवावर. जिथे आपल्यावाचून खोळंबा होतो, तिथे माणूस उठून जातो.

माझ्याबाबत म्हणाल तर मी एका दृष्टिहीन विद्यार्थिनीला वाचून दाखवते. ती अर्थशास्त्र शिकते. मोबाइल आणि संगणक आता पुस्तकं वाचून दाखवतात, मग माणूस कशाला, असं मला पुष्कळ जण विचारतात. जुन्या पुस्तकांच्या धूसर झेरॉक्स, हाताने लिहिलेल्या टिपणवह्या आणि आलेख यांच्यापाशी ते वाचन अडखळतं. तक्ता वाचायचीही रीत असते. नुसते आकडे म्हणत गेलं की ऐकणारा तिसऱ्या ओळीत हरवतो. आधी सांगायचं, उभे रकाने किती आणि कशाकशाचे. मग प्रत्येक आकड्याआधी त्याच्या रकान्याचं नाव घ्यायचं. आलेख असेल तर आधी दोन्ही अक्षांवर काय आहे ते, मग रेघ कुठून निघते, कुठे वळते, कुठे दुसरीला छेदते. मागणी-पुरवठ्याची आकृती मी आयुष्यात इतक्या लक्षपूर्वक पाहिली नव्हती. तिची परीक्षा जवळ आली की माझीही झोप चाळवते आणि मला ते आवडतं.

बायकांच्या निवृत्तीबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. ‘आता तू घरीच असतेस’ या एका वाक्याने बाईचे सगळे मोकळे तास परस्पर वाटले जातात. नातवंडं लाडकी असतातच. पण त्यांना सांभाळणं हा तिने आनंदाने घेतलेला वाटा आहे की तिच्या नावावर टाकलेली पूर्णवेळ ड्युटी, हे तिला विचारलं पाहिजे. आणि जे पुरुष वेळ जात नाही म्हणतात, त्यांनी घरातल्या कामाचा एखादा पूर्ण भाग अंगावर घ्यावा. मदत म्हणून नको, जबाबदारी म्हणून. घरातल्या कामातून बायको कधीच निवृत्त झालेली नसते.

पेन्शनीची कल्पना तशी फार जुनी नाही. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८९ साली वृद्धांसाठी विम्याचा कायदा झाला तेव्हा त्यात वयाची अट ७० वर्षांची होती, ती १९१६ मध्ये ६५ वर आली. आता निवृत्तीनंतर पुष्कळांना वीस-वीस वर्षं मिळतात. ती कशी जगायची याचे काही चांगले प्रयोग झालेले आहेत. फ्रान्समधल्या तुलूझ इथे १९७३ मध्ये निवृत्तांसाठी ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ सुरू झालं. ब्रिटनमध्ये ती कल्पना गेल्यावर तिथल्या ज्येष्ठांनी परीक्षा आणि पदव्या बाजूला ठेवून एकमेकांनाच शिकवायचं ठरवलं. ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं. जपानमध्ये ज्येष्ठांना त्यांच्या परिसरातच थोड्या तासांची मोबदल्याची कामं मिळवून देणारी केंद्रं आहेत. स्वीडनने १९७६ मध्ये कामाचे तास कमी करत नेणाऱ्यांसाठी अंशतः पेन्शन आणली. शेवटचा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. आज पूर्ण दिवस काम आणि उद्या काहीच नाही, हा झटका टाळता येतो. शेवटच्या वर्षात आठवड्याचे दोन दिवस सोडता आले, तर त्या दोन दिवसांत माणूस पुढची जागा शोधू शकतो आणि त्याचं टेबल घेणाऱ्यालाही शिकायला सवड मिळते.

एक सावधगिरी मात्र हवी. निवृत्त माणसं फुकट मिळतात म्हणून पगारी माणसाची जागा त्यांच्याकडून भरून घ्यायची, असं काही ठिकाणी होतं. तिथे ठाम नकार द्यावा. आणि ज्याला निवृत्तीनंतर काही काळ नुसतं स्वस्थ बसायचं आहे, त्याला कुणी टोकू नये. चाळीस वर्षं राबलेल्या माणसाचा तो हक्क आहे.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणं आहे. निवृत्तीच्या गुंतवणुकीसाठी आपण पान देता, ते द्याच. त्याच पानावर दर आठवड्याला एक छोटा चौकोन ‘माणूस हवा’ म्हणून ठेवा. वाचनालयं, शाळा, रुग्णालयं, वृद्धाश्रम यांनी त्यात आपली गरज नेमकी कळवावी : कोणता वार, किती तास, काम काय, जिने चढावे लागतात का, घरून फोनवर करता येईल का, जाण्यायेण्याचा खर्च मिळेल का. ‘स्वयंसेवक पाहिजेत’ एवढंच लिहिलं तर कुणी येत नाही. ‘गुरुवारी दोन तास दहावीचं गणित तपासायला माणूस हवा’ असं लिहिलं की वाचणारा लगेच आपला गुरुवार आठवून पाहतो. आलेली माहिती पडताळून, ओळीने लावून द्यायला माणूस लागेल, हे मला माहीत आहे. ते काम मी करायला तयार आहे. मंगळवार सोडून कोणत्याही दिवशी येईन. मंगळवारी माझं वाचन असतं.

आपली,
लेखा विभागातून निवृत्त झालेली एक वाचक