बियासचा बर्फ नकाशावर चढवून देणाऱ्या भाऊंना

प्रिय भाऊ,

सप्रेम नमस्कार. फोनवर ‘थँक्यू’ म्हणून भागलं असतं. पण मॉडेलच्या फाइली नकाशाच्या सर्व्हरवर चढवणारं तुमचं टूल आता माझ्यासोबत इतरही वापरतात आणि सगळ्यांनी मिळून मलाच लिहायला बसवलंय, म्हणून हे जाहीर पत्र.

चोपड्यात बसून मी हिमाचलातल्या बियास खोऱ्याच्या बर्फाचं मॉडेल चालवतो, हे इथे कुणाला खरं वाटत नाही. मे महिन्यात पारा 45 ला टेकलेला, आणि कूलरसमोर बसलेले शेजारचे आप्पा विचारतात, ‘‘आठे बरफ कथा शे?’’ बर्फ नाही, पाणी मोजतोय, असं सांगितलं की त्यांचा चेहरा बदलतो. मीटरभर जाडीचा थर, घनता घनमीटरला 300 किलो, म्हणजे वितळल्यावर 300 मिलिमीटर पाणी. पुढे ते पोंग धरणात जातं. धरण आणि आवर्तन म्हटलं की गिरणा-हतनूरच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

मॉडेल आयस्नोबाल. मुळात अमेरिकेतल्या डोंगराळ खोऱ्यांसाठी घडलेलं, ऊन, वारा, तापमान यांचा हिशेब चौकटी-चौकटीने मांडणारं. ते रात्रभर गुमान चालतं. अडायचं ते त्यानंतर. नेटसीडीएफच्या, म्हणजे अशी आकडेवारी साठवायच्या साच्यातल्या फाइलींत थराची जाडी, घनता, तापमान, वितळ असं सगळं ठासून भरलेलं, आणि जिओसर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटवर नकाशे दाखवणाऱ्या सर्व्हरवर, दाखवायचं असतं त्यातलं एक-दोनच. पण जायची मात्र आख्खी फाइल. घड उतरवायला आलेला माणूस केळीची बागच ट्रकात घालून नेतो म्हणा ना! त्यात आमची लाइन. अपलोड निम्म्यावर आला की हमखास वीज जाणार.

तुमच्या टूलने आधी काय केलं, तर छाटणी. जाडी, घनता यांतलं हवं ते चल (व्हेरिएबल) तेवढं उचलायचं, खोऱ्याच्या हद्दीबाहेरचं कापायचं, उरलेलं दाबून बसवायचं आणि दिवसागणिक वेगळी फाइल पाठवायची. वीज गेली तर गेली, एका दिवसाचीच फाइल पुन्हा पाठवायची. जिओसर्व्हरच्या रेस्ट एपीआयशी, म्हणजे प्रोग्रामने सर्व्हरला हुकूम द्यायच्या दाराशी, स्टोअर (डेटाचा साठा), लेयर (नकाशाचा थर), तारखांचा अक्ष हे सगळं बोलणं टूलच करतं. पूर्वी ब्राउझरमध्ये एकेक खिडकी उघडून माउसने ती भरत बसायचो. ती कटकट गेली.

पण खरे आभार त्याच्या विचारून करण्याच्या सवयीचे. काहीही पाठवण्याआधी ते काळ्या पडद्यावर सांगतं: हा सर्व्हर, ही वर्कस्पेस (त्यातला आपला कप्पा), या नावाचा लेयर, फाइल एवढी मोठी, पाठवू का? त्याच नावाचा लेयर आधीपासून असला तर थांबतं, गुपचूप पुसून टाकत नाही. प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर कशी मांडली ते, फाइलीत लिहिलेलंच नसेल तर तिथेच अडवतं आणि कारण साध्या वाक्यात सांगतं. नाहीतर मीटरमधले आकडे सर्व्हर अंश समजून घेतो आणि बर्फ नकाशाच्याच बाहेर जाऊन पडतो. स्क्रीन कोरी, आणि चूक कुठे ते कळायला मार्ग नाही. आमचं काम यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या 43 उत्तर पट्ट्यात, त्याचा प्रक्षेपण-क्रमांक ईपीएसजी 32643. गंमत बघा, चोपडा आणि मनाली दोन्ही याच पट्ट्यात बसतात! आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग थंडी का नाही येत इकडे?

कमांड लाइन, म्हणजे काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करणं, म्हटलं की आमच्याकडची पोरं बिचकतात. तुम्ही मदतीच्या मजकुरात प्रत्येक पर्यायापुढे एक चालू उदाहरण दिलंय, जसंच्या तसं चिकटवून चालणारं. असं लिहिणारे विरळाच. बहुतेक जण ‘कागदपत्रं बघा’ म्हणून मोकळे होतात. पासवर्ड कमांडमध्ये न टाकता वेगळ्या फाइलीत ठेवायला लावलंत, हेही बरं झालं. एकाच कॉम्प्युटरवर आम्ही सगळे बसतो.

एक मागणी मात्र आहेच, आपलेपणाने करतो. प्रत्यक्ष न पाठवता नुसती तालीम करून दाखवणारा पर्याय एका वेळी एकाच दिवसाला चालतो, तो आख्ख्या महिन्याला चालावा. जमेल तेव्हा बघा. हिवाळ्यात गावी याल तेव्हा शेतात भरीत-पुरीचा बेत पक्का. लॅपटॉप सोबत आणा, चार्जिंगचं आम्ही बघतो.

आपला,
चोपड्याचा धाकटा भाऊ