फोकस काढू नका, डिपरला बांधा

महोदय,

जीपगाड्यांवरचे जादा दिवे, म्हणजे फोकस, सरसकट उतरवून जप्त करावेत, अशी मागणी करणारं पत्र आपल्या सदरात नुकतंच वाचलं. पत्रलेखकांचा संताप समजतो. रात्री गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना समोरून टपावर दिव्यांची पांढरीफेक पट्टी पेटवलेली थार जीप आली की चार सेकंद रस्ता दिसत नाही आणि तोंडातून शिवी निघते. पण मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करून पोट भरणारा माणूस आहे. दिव्यावर राग काढण्याआधी तो कुठं बसवलाय आणि कशाला जोडलाय, हे बघायला हवं.

कायदा आधी सांगतो, कारण गिऱ्हाईकं "दुकानात मिळतो म्हणजे चालतो" एवढ्यावर निघून जातात. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 106 सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत खाली झुकलेला हवा. 8 मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. नियम 111 प्रमाणे पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायचा तर विशेष कारण लागतं आणि आरटीओची आधी परवानगी लागते. विकणारा विकून मोकळा होतो, पावती फाटते गाडीवाल्याची.

आता खरं दुखणं. शंभरातल्या बहुतेक गाड्यांत फोकसचं बटण डॅशबोर्डवर वेगळं दिलेलं असतं आणि त्याचा हेडलाइटशी काही संबंध नसतो. समोरून गाडी आली की ड्रायव्हर सवयीनं डिपर देतो. हेडलाइट खाली जातो, फोकस मात्र तसाच पेटलेला. बिचाऱ्याला वाटतं, आपण सभ्यपणे वागलो.

हे टाळायला फार अक्कल लागत नाही. रिले म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या 30 नंबरला बॅटरीचा सप्लाय फ्यूजमधून, 87 वरून फोकस, 85 ला अर्थिंग (गाडीच्या बॉडीला जाणारी वायर) आणि 86 ला हेडलाइटच्या अप्परच्या, म्हणजे लांबच्या झोताच्या, वायरीतून सिग्नल. डॅशबोर्डचं बटण या सिग्नलच्या मधे घालायचं. मग अप्पर असल्याशिवाय फोकस पेटतच नाही आणि डिपर मारला की त्याच क्षणी विझतो. ऑस्ट्रेलियात आणि युरोपात ड्रायव्हिंग लाइट, म्हणजे असे लांब झोताचे जादा दिवे, असेच जोडावे लागतात, तसा तिथला नियमच आहे. आपल्याकडे मात्र "साहेब, डायरेक्ट देतो, झंझट नको" म्हणणारा फिटर स्वस्तात काम करतो आणि गिऱ्हाईक तिकडं वळतं. नव्या गाड्यांत हेडलाइट कॉम्प्युटरच्या ताब्यात असतात. तिथं वायर सोलून जोड मारू नये, कपलरवाली तयार हार्नेस, म्हणजे जोडणीची टोकं बसवलेला वायरींचा जुडगा, घ्यावी. नाहीतर वॉरंटीवरही पाणी आणि दिवा लुकलुकतो तो वेगळाच.

रिले नको म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशोब. 100 वॅटचे दोन हॅलोजन 12 व्होल्टवर साडेसोळा-सतरा अँपिअर ओढतात. एवढा करंट बटणातून गेला की आधी बटण गरम होतं, मग प्लास्टिकचा वास येतो. रिलेच्या कॉइलला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही, म्हणून बटण थंड राहतं. अशा जोडीला अडीच एमएमची वायर घालावी, एक एमएमची नको. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. माझ्याकडं आलेल्या एका बोलेरोत फ्यूज होता, पण दिव्याच्या जवळ, बंपरमागं. बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर बॉनेटच्या बिजागरीत घासून तांबं उघडं पडलं होतं आणि शेजारचा पाइप काळा झाला होता. तो फ्यूज शेवटपर्यंत शाबूत होता, कारण शॉर्ट त्याच्या अलीकडं झाला होता.

जागेबद्दल लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. टपावरची पट्टी रुबाबदार दिसते, हे कबूल. पण तिचा उजेड आपल्याच बॉनेटवर पडून डोळ्यांत परत येतो. पावसाळ्यात आंबोलीच्या किंवा फोंडाघाटाच्या धुक्यात ती लावून बघा, काचेपुढं चादर धरल्यासारखं पांढरं होतं. धुक्यासाठी दिवा जेवढा खाली तेवढा चांगला. झोत रुंद हवा आणि वरून कापलेला हवा. पिवळी काच धुकं फाडते असं सांगून विकतात. पिवळ्यानं डोळ्यांना थोडा आराम पडत असेल, पण खरं काम उंची आणि झोताचा आकार करतो. दोन मोठे गोल दिवे जाळीसमोर बसवणाऱ्यांनी घाट चढताना टेंपरेचरच्या काट्याकडंही लक्ष ठेवावं, रेडिएटरची हवा अडते. आणि बुलबारवर, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी सांगाड्यावर, दिवे लावायचे असतील तर आधी हे आठवा की केंद्राच्या रस्ते मंत्रालयानं डिसेंबर 2017 मध्ये बुलबारविरुद्धच कारवाई करायला सांगितलं आहे.

टपावरची पट्टी मग कुठं वापरायची? जिथं समोर कुणी नाही तिथं. गोव्यात 2014 पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही जीपगाड्यांची आडरानातली स्पर्धा भरते. तसल्या चिखलाच्या ओढ्यात रात्री विंचनं (गाडीवरच्या दोराच्या चरखीनं) रुतलेली गाडी ओढताना रुंद उजेड लागतोच. शेतात रात्रीचं पाणी पाजायला जाणाऱ्यालाही लागतो. डांबरी रस्त्यावर आलं की त्यावर काळं कव्हर चढवावं, मिनिटाचं काम आहे.

झोत बसवणं म्हणजे अंदाजपंचे नट आवळणं नव्हे. सपाट जागी गाडी भिंतीपासून 8 मीटरवर उभी करा, दिव्याच्या मधोमध जेवढी उंची असेल तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूनं रेघ मारा, आणि झोताचा सगळ्यात प्रखर भाग त्या रेघेच्या दोन बोटं खाली आणा. हे करताना मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत सामान हवं. रिकाम्या गाडीत जुळवलेला दिवा, मागं वजन पडलं की नाक वर करतो. ब्रॅकेटचा पत्रा पातळ असला तर तो थरथरतो, मग समोरच्याला कितीही खाली केलेला झोत डोळ्यांवर नाचताना दिसतो.

दाजीपूरच्या बाजूला रात्री जाणाऱ्यांना एक वेगळं सांगणं. गव्याच्या डोळ्यांवर प्रखर झोत पडला की तो जागचा हलत नाही. अशा वेळी फोकस विझवून, डिपरवर, गाडी थांबवून वाट बघावी.

आणि फक्त जीपवाल्यांनाच का धरायचं? उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या मागचा नांगरटीचा पांढरा दिवा रस्त्यावरही चालू असतो. मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि बिनरिफ्लेक्टरची दुसरी ट्रॉली दिसतच नाही. नंबरप्लेटचा, रिव्हर्सचा असे मोजके अपवाद सोडले तर मागं तांबडाच दिवा हवा, असं नियम म्हणतो. त्यावर आपल्या पत्रलेखकांनी एक ओळही लिहिली नाही.

दिवे जप्त करण्याऐवजी पोलिसांनी गाडी थांबवून ड्रायव्हरला एवढंच सांगावं, अप्पर लाव आणि डिपर मार. फोकस विझला नाही तर पावती फाडावी, आणि दिव्यावर कव्हर घातल्याशिवाय गाडी सोडू नये. नियम 111 मधली परवानगी कुणाला, कोणत्या अर्जावर आणि किती दिवसांत मिळते, हे आरटीओनं कार्यालयाबाहेर मराठीत छापून लावावं. माझ्या गिऱ्हाइकांपैकी एकानंही ती कधी मागितलेली नाही, कारण ती मागायची असते हेच त्यांना माहीत नाही.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, कोल्हापूर