दोन घोट तरी घ्या ना

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, नाव काढलं की तुझ्या रुग्णांचे नातेवाईक विचारतात, "म्हणजे तुम्ही हात टेकले?" तुला उत्तर सुचलं नाही, आणि मला रात्रभर अण्णा आठवत राहिले.

शेवटच्या आठवड्यात तुझे आजोबा ओठ घट्ट मिटून घ्यायचे. मी चमचा धरून बसायचे, "दोन घोट तरी घ्या ना, अण्णा." घेतले की ठसका. आजारानं शरीर आवरतं घ्यायला लागलं की भूक-तहान सुटते; खाल्लं नाही म्हणून माणूस जातो असं नसतं, हे मला कोणी सांगितलंच नाही. डॉक्टर नुसतं "बघू या" म्हणायचे. ओल्या कापसानं ओठ टिपले असते तरी पुरलं असतं रे. १२ वर्षं झाली, तो ठसका अजून कानात आहे.

म्हणून "निदान सलाईन तरी लावा" असं कुणी हट्टानं म्हणालं तर चिडू नकोस. त्या वेळी ते पाणी बरेचदा अंगात, छातीत साठतं, हे सांग; पण तेवढ्यावर सोडू नकोस. त्याला आपल्या माणसासाठी काहीतरी करायचं असतं. ओठ ओले ठेवणं, कूस बदलणं, हात धरून बोलणं, हे त्याच्याकडे दे.

बोलायचं तेव्हा खुर्ची ओढून बस. आधी विचार, "तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?" आणि ऐक. "सिरीयस आहे" यातून लोक आशाच ऐकतात, तेव्हा 'मृत्यू' हा शब्द उच्चार, हळू आवाजात. हात टेकले का, याचंही उत्तर आहे. २०१० साली फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निदान होताच उपचारांच्या जोडीला ही सेवा मिळालेले रुग्ण अधिक सुखानं जगले, आणि साधारण अडीच महिने जास्तही. मॉर्फिनलाही लोक भितात. दुखण्याच्या मापानं दिलं तर ते मरण ओढून आणत नाही, हे न विचारता सांग. सोबत पोट साफ होण्याचं औषध लिहायला विसरू नकोस.

आणि घशातली घरघर. रात्री उशाशी बसणाऱ्याला ती आधीच सांगून ठेव: श्वास मध्येच थांबेल, पुन्हा सुरू होईल, घशात आवाज येईल, ऐकणाऱ्याला वाटतो तेवढा त्रास बहुधा रुग्णाला होत नसतो. अण्णांची घरघर ऐकून मी घाबरून खोलीबाहेर पळाले. दहा मिनिटांनी परत आले तेव्हा ते गेले होते.

तुझी,
आई