सॅक किती लिटरची हे नंतर, आधी फ्रेम बघा

संपादक साहेब, नमस्कार.

पुरवणीतला ट्रेकिंग सॅकवरचा लेख वाचला, चांगला होता पण सगळा लिटरमध्येच अडकला. मी कोलोरॅडोत राहतो, इथे सप्टेंबरपासून लोक लायसन्स काढून रॉकीज पर्वतांमध्ये एल्कच्या (इथलं एक मोठं हरीण) शिकारीला जातात (आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद, आणि ते बरंच आहे) आणि त्यांच्या सॅक बघितल्या की कळतं खरा खेळ फ्रेमचा, म्हणजे सॅकच्या पाठीकडच्या कडक सांगाड्याचा आहे. मोठ्या नराची मागची एक तंगडी हाडासकट ३० किलोच्या आसपास भरते, आणि खाण्यालायक मांस जंगलात टाकून येणं हा इथे गुन्हा, म्हणजे फेऱ्या मारायच्याच. म्हणून सॅक फ्रेमपासून सैल करून मधल्या जागेत मांस आवळून बांधतात, पाठीला चिकटून, जरा वरच्या बाजूला, खाली लोंबलं की माणूस मागे ओढला जातो.

कार्बन फायबर हलकं असतं पण महाग, माझ्या मते ॲल्युमिनियम पुरतं. माप घेताना उंची नाही, मानेच्या खाली वर आलेल्या, हाताला लागणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंतची पाठ मोजायची, कारण भार खांद्यावर नाही, कमरपट्ट्यावर यायला हवा. रिकामी सॅक तर सगळ्यांनाच छान बसते हो, दुकानातच २० किलो भरून जिना चढून बघा, दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे.

पुढच्या लेखात पाठ कशी मोजायची त्याचं चित्र छापाल का?

– एक वाचक, डेन्व्हर