चाऱ्याचं वाण नुसत्या टनावर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चाऱ्याच्या नव्या वाणाची बातमी आली की हेडिंगमध्ये हेक्टरी किती टन हिरवा चारा एवढंच असतं. अहो पण हिरव्या चाऱ्यात पाऊण हिस्सा तर पाणीच असतं, मग ते धरून आकडा का सांगायचा? कोरडं वजन किती, त्यात पात किती नि काडी किती, आणि पोटात गेल्यावर पचतं किती, हे सहसा कुणी लिहीतच नाही.

गव्हाचं वेगळं आहे, तिथे झाड बुटकं केलं, काडीतली ताकद ओंबीकडे वळवली आणि उत्पन्न भरपूर वाढलं. गवतात ती सोय नाही, कारण अख्खं झाडच कापून जनावरापुढे टाकायचं असतं. म्हणून तर रायग्राससारख्या गवतात इतकी वर्षं निवड करूनही कोरड्या चाऱ्यातली वाढ दहा वर्षांमागे साधारण चार-पाच टक्केच मिळत आलीय. त्यात उंच आणि जाड ठोंब निवडत गेलं की टन वाढतात पण ते काडीचे, काडी जून झाली की कडक होते आणि जनावर ती गव्हाणीतच सोडून देतं. शिवाय सुटे लावलेले ठोंब बघून निवड केली तर दाट पेरलेल्या कुरणात तेच वाण तसं चालेल याची खात्री नसते, हाही एक घोळ आहेच.

अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला ग्लेन बर्टन यांनी बर्म्युडा गवतावर, म्हणजे आपल्या हरळीवर, आयुष्यभर काम केलं. 1943 साली त्यांचं कोस्टल हे वाण आलं, ते उत्पन्नाला जबरदस्त होतं. पण मला त्यांचं 1967 चं कोस्टक्रॉस-1 जास्त मोलाचं वाटतं. त्याचं उत्पन्न कोस्टलएवढंच होतं पण पचनीयता सुमारे 12 टक्क्यांनी जास्त, आणि तेवढ्यावर जनावरांची वजनवाढ कोस्टलपेक्षा 30 टक्क्यांच्या आसपास जास्त झाली! थंडी त्याला सोसत नाही हे खरं, तरी पचनाकडे बघून निवड केली की काय होतं ते त्यात स्पष्ट दिसतं.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी वाणाची बातमी देताना कोरडं वजन, प्रोटीन आणि पचनीयता हे तीन आकडे नक्की विचारा आणि छापा, आणि ते नसतील तर नाहीत असंही छापा.

आपला,
एक नियमित वाचक